कोरं शीड

राऊत गुरुजी गेल्याची बातमी मला सुक्या बोंबलांच्या टोपलीबरोबर आली. आमच्या शाळेची जुनी विद्यार्थिनी कमळी बोईसरच्या बाजारात सुकी मासळी विकायला बसते. तिच्या शेजारी सफाळ्याच्या बायका भाजी घेऊन बसतात, आणि गुरुजी सफाळ्याचे. त्यांच्यातल्या एकीने वांगी मांडता मांडता सांगितलं, तुमच्या गावात होते ते म्हातारे मास्तर गेले. कमळीने टोपली पुन्हा डोक्यावर घेतली आणि उन्हातून चालत थेट शाळेत आली. मी तिसरीच्या मुलांना पाढे म्हणायला लावले होते. ती दाराशीच थांबली. शाळा सोडल्यापासून तिने तो उंबरठा ओलांडलेला नाही हे मला माहीत होतं, म्हणून मीच बाहेर गेले. "बाई, गुरुजी गेले," ती म्हणाली. मग टोपली सावरत, "वर्ग सोडू नका. त्यांना नाय आवडायचं." मी आत आले आणि काय करावं ते न सुचून वर बघितलं... कौलांच्या जागी ताणलेलं जुनं शीड वाऱ्याने फुगत होतं, पुन्हा पडत होतं. पोरं पाढा चुकत होती आणि मी त्यांना चुकू दिलं.

त्याला आता काही आठवडे झाले. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. दांडी गावाच्या बाजूला, समुद्र आणि खाडी यांच्या बेचक्यात आमचं गाव आहे, एवढं पुरे. नाव लिहायला मला लाज वाटते ती गावाची नव्हे, आमची. आमची म्हणजे हातात खडू धरणाऱ्यांची. ती का, हे सांगायचं तर गुरुजींबद्दलच सांगावं लागेल, आणि गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. मी चांगलंच बोलणार आहे. पण त्यांचं चांगुलपणच या गोष्टीत आडवं आलं, त्याला मी काय करू?

मी मूळची सातारकडची. तारापूरला विजेचा कारखाना उभा राहायला लागला तेव्हा यजमानांना तिथे काम मिळालं, आम्ही बोईसरला दोन खोल्या घेतल्या, आणि मला या शाळेत नेमणूक मिळाली. पहिल्या दिवशी मी नाकाला पदर लावूनच गावात शिरले. दोन्ही बाजूंना बांबूंच्या आडव्या काठ्यांवर बोंबील वाळत घातलेले, आणि वारा समोरून. शाळेच्या ओट्यावर गुरुजी उभे होते. खाकी अर्धा कोट, धोतराला शेतातल्या चिखलाचा काठ, तोंडात गुळाचा खडा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाई, उद्यापासून घाटावरचं नाक घरी ठेवून येत जा, इथे त्याचं काही काम नाही." मला राग आला होता. पुढे महिन्याभरात मीच पावसाळ्यासाठी बोंबील भरून ठेवायला लागले, तेव्हा हा गृहस्थ ते सगळ्या गावाला सांगत फिरला.

गुरुजी सोमवार ते शनिवार शाळेच्या ओट्यालगतच्या खोलीत राहायचे आणि शनिवारी दुपारी वर्ग सुटला की सफाळ्याला घरी. घरची थोडी भातशेती होती, ती त्यांची बायको, आमच्या वहिनी, बघत. त्यांच्या शिकवण्यात काही फार मोठं होतं असं मी म्हणणार नाही. प्रार्थना ते बेसूर म्हणत आणि मुलांनीही तशीच म्हणावी असा आग्रह धरत. पण एक गोष्ट मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही. 'चुकलं' हा शब्द त्यांना उच्चारताच येत नसे. मुलाचं गणित चुकलं की ते पाटीकडे बघून म्हणत, "उत्तर जरा लांब गेलं रे, हाक मारून परत बोलव." मूल हसायचं, पाटी पुसायचं, आणि पुन्हा करायचं. कुणाची मान खाली जाऊ द्यायची नाही, हा त्या माणसाचा धर्मच होता. माझा स्वभाव उलटा. मी चूक दिसली की तिथल्या तिथे बोट ठेवणारी. आम्हा दोघांचं कसं जमायचं, असं लोक विचारत. जमायचं, कारण ओरडायचं काम मी करत असे आणि समजूत घालायचं काम ते.

शाळा म्हणजे एक लांब खोली. चार वर्ग, चार कोपरे. दर्याकडची भिंत खाऱ्या वाऱ्याने खाल्लेली, आढं वाळवीने पोखरलेलं, कौलं निम्मी गेलेली. दुपारी उन्हाचे कवडसे मुलांच्या पाट्यांवरून सरकत जात आणि मुलं त्यांच्याबरोबर सरकून बसत. चौथी झाली की पुढची शाळा खाडीपलीकडे. मुलगे होडीतून जात, जमेल तितके दिवस. मुलींना कुणी पाठवत नसे. भरती-ओहोटीच्या तालावर परतायला अंधार व्हायचा, आणि अंधारात पोरीला खाडी ओलांडू देणारी आई मला तरी भेटली नाही. गावात पाचवी सुरू करायला वरचे तयार होते, पण आधी इमारत धड हवी, मागे एक खोली हवी. त्या सुमारास पडक्या शाळा दुरुस्त करायला सरकार अनुदान देत होतं. गुरुजींनी अर्ज केला, पाठपुरावा केला, तालुक्याला खेपा घातल्या. तेव्हा चौथीत सात मुली होत्या, हा त्या शाळेतला विक्रमच. त्यातली सगळ्यात हुशार कमळी. तिची आजी मंजुळाबाय गावातल्या बायकांची पुढारी; नवरा दर्यात गेल्यावर तिने दोन मुलगे आणि एक होडी अशी तिन्ही सांभाळलेली. नात चौथीत पहिली येते हे ती मासळीच्या वाट्याबरोबर गिऱ्हाइकाला फुकट सांगायची.

अखेर निरोप आला की सोमवारी तालुक्याचे साहेब शाळा बघायला येणार. गुरुजींनी शनिवारी गावाला सांगितलं, साहेब येताहेत, त्यांना शाळा पसंत... नाही, तसं नाही म्हणाले ते. म्हणाले की साहेब शाळा बघतील, आणि सरकार मदत करील. एवढंच सांगितलं. पडकं घर पडकंच दिसू द्या, हे सांगायला हवं असं त्यांच्या मनात आलं नाही, माझ्याही नाही. ते सफाळ्याला गेले, मी बोईसरला.

सोमवारी सकाळी बोईसर स्टेशनवर साहेब उतरले. गुरुजी त्याच गाडीने आले होते, मी तिथे जाऊन मिळाले, आणि टांगा करून आम्ही तिघं गावाकडे निघालो. वळणावर सुरूच्या झाडांतून शाळा दिसली आणि गुरुजींच्या तोंडातला गूळ विरघळायचा थांबला असावा. शाळा पांढरीशुभ्र झाली होती. शिंपले भाजून केलेल्या चुन्याचे दोन हात दिलेले. भिंतीतली भगदाडं चिखलाने लिंपलेली. दाराला आंब्याचं तोरण, ओट्यावर रांगोळी, नारळी पौर्णिमेला होडीला लावतात त्या पताका कौलांवर इतक्या दाट की मधली भोकं झाकली जावीत. आत शिरलो तर वर आढं नाही, वासे नाहीत, भोकं नाहीत... भिंतीपासून भिंतीपर्यंत पांढरं, कोरं, सुरकुती नसलेलं शीड ताणलेलं. जणू लग्नाचा मांडव.

इथे थोडं सांगायला हवं. इकडे लग्नात मांडवावर होडीचं शीड घालतात, पण ते जुनं. कोऱ्या शिडाला पहिला वारा दर्याचाच लागला पाहिजे, अशी समजूत आहे. आधी दुसरीकडे वापरलं तर ते होडीला लाभत नाही म्हणतात. हे शीड मंजुळाबायच्या नव्या होडीचं होतं. माघात होडी पाण्यात लोटायची होती. पाहुण्याच्या डोक्यावर भोक दिसलं तर गावाची अब्रू जाईल, म्हणून तिने ते समुद्राच्या आधी शाळेला दिलं होतं. मी तिला बाजूला घेऊन दबक्या आवाजात विचारलं की हे काय करून ठेवलंत.  "पोरीला बघाया पावने येनार म्हटल्यावर तिला काय फाटक्या लुगड्यात उभी करायची, मास्तरीणबाय?" ती म्हणाली. 

साहेब वाईट नव्हते. तरुण होते, कामसू होते, आणि आधी दोन-तीन ठिकाणची खरोखरच पडायला आलेल्या शाळा बघून आले होते. बायकांनी त्यांना ओवाळलं, शहाळं दिलं. कमळीने न अडखळता कविता म्हटली. सगळा गाव दाराखिडक्यांत उभा होता. साहेबांनी भिंतीवरून हात फिरवला, वर शिडाकडे पाहिलं, आणि मोकळेपणाने म्हणाले, "राऊत गुरुजी, अशी शाळा मी या फेरीत पाहिली नाही. इथे दुरुस्ती ती कसली करायची?" मी पुढे झाले. "साहेब, जरा वर..." एवढंच माझ्या तोंडून निघालं.

"बाई," गुरुजी म्हणाले, "साहेबांना पाणी द्या."

इतक्या वर्षांत त्यांनी मला आज्ञा केली ती तेवढी एकदाच. मी पाणी आणायला गेले. तांब्या घेऊन परत आले तेव्हा गुरुजी सांगत होते की थोडंफार काम आहे साहेब, पण गाव सांभाळून घेतं. मंजुळाबायचा चेहरा असा फुलला होता की मला तिच्याकडे बघवेना.

परतीच्या टांग्यातही आम्ही तिघंच होतो. गाव मागे पडल्यावर गुरुजी खाकरले आणि त्यांनी सगळं सांगितलं. ते शीड आहे, वर कौलं नाहीत, आढं पोकळ आहे, चुन्याखाली भिंत नाही. साहेब त्यांच्याकडे वळून बसले. मग म्हणाले, "मघाशी मी सगळ्यांसमोर विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, गाव सांभाळून घेतं. आता मी लिहू काय? डोळ्यांनी पाहिलं ते, की कानांनी ऐकलं ते?"  साहेबांनीच विचार केला आणि म्हणाले, "ठीक आहे. टांगा वळवा. शीड उतरवायला लावू, मी बघतो आणि बघितलं तसं लिहितो."

टांगा थांबला. गुरुजींनी मागे वळून पाहिलं. झाडांच्या वर एक पताका अजून दिसत होती. आमच्या सात मुलींची पाचवी त्या वळणावर उभी होती, हे मला कळत होतं, आणि त्यांनाही. "राहू द्या साहेब," ते म्हणाले, "गाडी चुकेल तुमची."

साहेबांना गाडीत बसवून दिल्यावर बोईसरच्या फलाटावर मी तोंडाला येईल ते बोलले. माझी जीभ किती तिखट आहे हे माझ्या माहेरच्यांना विचारा. गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं. "बाई, मुलीला बघायला पाहुणे येतात म्हणून आईने तिला स्वतःचं कोरं लुगडं नेसवलं," ते हळू आवाजात म्हणाले, "ते मी पाहुण्यांदेखत फेडायला सांगू? ... नाही हो जमत मला." मी म्हटलं, आणि मुलींचं काय?  सफाळ्याची गाडी आली तसे ते चढायलाच निघाले. सोमवार होता, त्यांना गावातच परतायचं होतं, हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं.

अनुदान दुसऱ्या गावाला गेलं. गावाला त्यांनी सांगितलं की नुकतीच लढाई होऊन गेलीय, सरकारचा हात आखडलाय. शिवाय, म्हणाले, माझ्या अर्जातच काहीतरी राहून गेलं. ही दुसरी थाप त्यांनी पदरची घातली. लोकांनी माना हलवल्या. पुढे कुणी थट्टेत म्हणायचं, गुरुजींचा कागद वाटेत खाडीत बुडला वाटतं, आणि गुरुजी हसून घ्यायचे. मला मात्र हसू येत नसे. मला वाटायचं, किती भोळी माणसं! आपल्याच हाताने आपलं नुकसान केलं, आणि यांना पत्ताही नाही. हे मी तेव्हा मायेने म्हणायची, असं मला वाटे.

पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज केला तर उत्तर आलं की आपली इमारत नुकतीच सुस्थितीत आढळली आहे. आणि त्याच वर्षी नारळी पौर्णिमेला, सगळा गाव किनाऱ्यावर असताना, दर्याकडचं छप्पर खाली आलं. सुट्टी होती म्हणून आत कुणी नव्हतं. आवाज वाजंत्रीच्या वर ऐकू आला. गुरुजी धावले आणि पडलेल्या कौलांत बसून धड कौलं एका बाजूला काढायला लागले. थोड्या वेळाने मंजुळाबाय आली, मग बाकीच्या बायका, ठेवणीतली लुगडी नेसलेल्या, गजरे घातलेल्या, आणि खाली बसून कौलं निवडायला लागल्या. कुणी कुणाला काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मंजुळाबायच्या मुलाने होडीवरचं शीड आणून त्या जागी बांधलं. तेच, दोन हंगामांत तपकिरी झालेलं.

तेव्हापासून शाळा त्या शिडाखाली भरते. वर्गात पाऊल टाकलं की गुरुजी आधी वर बघत. नवीन मुलांना वाटे, ते देवाला नमस्कार करताहेत. दर शनिवारी सफाळ्याला जाण्याआधी ते शिडाचे दोर स्वतः आवळून बांधत. गाठ मारायला ते मंजुळाबायच्या मुलाकडून शिकले होते आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता. "बाई, शेतकऱ्याचा हात आता कोळ्याचा झाला," असं म्हणून मला ती गाठ दाखवायचे. छप्पर पडल्याचं कळवलं तरी कागदावर शाळा सुस्थितीतच राहिली, पाचवी काही सुरू झाली नाही. सातपैकी एक मुलगी आजोळी वसईकडे गेली आणि तिथे शिकली, असं ऐकते. बाकीच्या घरी बसल्या. कमळी टोपली घेऊन आजीबरोबर जायला लागली. प्लांटच्या, म्हणजे त्या वीज कारखान्याच्या, कामावर आलेल्या मजुरांशी ती हिंदीत भाव करते, तोंडी हिशेब करते, आणि वाटेत गुरुजी दिसले की रस्ता बदलायची. गुरुजीही बदलायचे. एकदा मी दोघांना एकाच वेळी दोन बाजूंना वळताना पाहिलं, आणि हसण्यासारखं होतं तरी हसले नाही.

दोन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी गावाने शाल दिली. ती त्यांनी घेतली, पण खांद्यावर घातली नाही, घडी करून काखेत ठेवली. मला म्हणाले, "हे सगळं माझ्यामुळे झालं आणि हे लोक मला शाल देताहेत. बाई, लाज वाटते हो..." मग शेवटची म्हणून ती गाठ मारली आणि गेले. आमची भेट तीच शेवटची.

ते गेल्यावर मी आणि मंजुळाबाय सफाळ्याला जाऊन आलो. कमळीही आली, ये म्हटलं नव्हतं, आपणहून आली. कापणी झालेली होती, अंगणात भाताचे भारे रचलेले होते. मंजुळाबायने दारात नारळ ठेवले. वहिनी म्हणाल्या की शेवटपर्यंत एकच बोलायचे, त्या गावाला माझ्यामुळे पाचवी मिळाली नाही, आणि त्या माणसांनी मला एकदाही जाब विचारला नाही, इतकी साधी माणसं. मंजुळाबायने खाली मान घातली ती बाहेर पडेपर्यंत वर केली नाही.

सफाळ्याच्या फलाटावर आम्ही तिघी बोईसरकडच्या गाडीची वाट बघत बसलो. मला राहवलं नाही. मी ठरवलं की आता गुरुजी गेले, गावाला खरं कळू दे, निदान त्यांच्यावरचा ठपका तरी पुसू दे. मी सगळं सांगितलं. शीड, साहेब, टांगा. टांग्यात आम्ही तिघंच होतो म्हणून हे आजवर कुणाला ठाऊक नाही, असंही म्हटलं.

मंजुळाबायने मला पुरं बोलू दिलं. मग विचारलं, "आन् टांगा कोन हाकीत व्हता, बाय?"

टांगेवाला! हा लेख लिहितानाही पाहा, मी वर तीनदा 'आम्ही तिघं' लिहिलंय. खोडलेलं नाही. तसंच राहू दे.

"माज्या भावाचा जावय," ती म्हणाली. "त्याच सांजेला त्याने सगल्यांना सांगितलं. मी शीड उतरवाया उटले व्हते. म्हटलं, पालघरला जाते, सायबाच्या पाया पडते. तवा बाया म्हनाल्या, नको. गुरुजींनी आपली लाज झाकली, ती आपून उघडी केली तर त्यांनी तोंड कुटं दाकवायचं? मग ते लडाईचं बोलले. आमी माना हलवल्या." तिने पदराने नाक पुसलं. "त्यांची ती गाठ... वाऱ्याला टिकायची नाय, बाय. शनवारी ते गेले की माजा पोर जाऊन परत बांदायचा. आन् सोमवारी सकाली पुन्ना त्यांच्यासारकी करून ठेवायचा. त्यांना बरं वाटायचं ना."

अळीमिळी गुपचिळी. सगळ्या गावाला ठाऊक, गुरुजींना ठाऊक, मला ठाऊक. आणि जो तो दुसऱ्याला जपत होता.

कमळी फलाटाच्या कडेला उकिडवी बसून रुळांकडे बघत होती. ती आमच्याकडे न वळताच म्हणाली, "तुमी समद्यांनी एकमेकांची लाज राखली. मला कुनी इचारलं नाय."

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आम्ही मुलांना शिकवतो. त्या मुठीत कुणाचं काय अडकलंय, हे मुलं विचारत नाहीत. मी गावाला भोळं समजत होते. गुरुजी त्याला साधं समजत होते. आणि ज्याच्या मागे बसून आम्ही हे शहाणपण बोललो त्या माणसाला आम्ही मोजलंच नव्हतं. त्याचं नाव मी परवा पहिल्यांदा विचारलं. या सगळ्याची मला इतकी शरम वाटते की गुरुजींसाठी मोकळेपणाने रडताही आलेलं नाही. आणि तरी खरं सांगायचं तर, तो टांगा पुन्हा त्या वळणावर थांबला, तर ते पुन्हा 'राहू द्या' म्हणतील हे मला माहीत आहे. त्यांच्यावर माया करायची तर ते धरूनच करावी लागेल.

आता नवीन अर्ज मी केला आहे. या सोमवारी साहेब येणार आहेत, वेगळे साहेब. शनिवारी वर्ग सुटल्यावर मी मंजुळाबायला निरोप धाडला, आणि तिने मुलाला बरोबर आणून स्वतः उभं राहून शीड उतरवलं. दोर सुटले. एक गाठ तेवढी तिने सोडू दिली नाही, गाठीच्या बाजूने दोर कापला. गुरुजींनी निरोपाच्या दिवशी मारलेली ती गाठ. ती एकच तिच्या मुलाने पुन्हा बांधली नव्हती, शेजारी दुसरा दोर लावून भागवलं होतं. शीड घडी करून कोपऱ्यात ठेवलं. आढ्याच्या जागी आभाळ आलं, आणि भिंतीच्या भगदाडातून प्लांटवरची उंच क्रेन दिसायला लागली. मंजुळाबायला ते उघडं छप्पर बघवेना. तिने बाहेर जाऊन रांगोळीची चिमूट घेतली, उंबरठ्यापाशी बसली, आणि बसूनच राहिली. शेवटी चिमूट परत डब्यात टाकली.

साहेबांशी बोलणार कोण, असं तिने विचारलं. मी काही म्हणण्याआधी दाराशी सावली पडली. कमळीने टोपली ओट्यावर उतरवली, आजीच्या बाजूने पाय टाकून उंबरठा ओलांडला, आत आली, आणि आधी वर बघितलं.

सोमवारी साहेबांना शाळा ती दाखवणार आहे. पाणी मी देईन.